टंकांच्या ढिगातून नऊ निवडताना

माझ्या जुन्या संगणकावर चार हजारांहून जास्त फॉन्ट होते. बारा-तेरा वर्षांत साठत गेलेले. कुणी पेन ड्राइव्हवर दिलेले, कुठल्या कामाच्या फाइलसोबत आलेले, एखादं पोस्टर आवडलं म्हणून रात्री शोधून उतरवलेले. शीर्षकासाठी फॉन्ट बघायला बसले की यादी खाली सरकवण्यातच तास जायचा, आणि शेवटी मी नेहमीच्या पाच-सहांपैकीच एखादा उचलायचे. संगणक बदलायची वेळ आली तेव्हा ठरवलं, की यातला एकही फॉन्ट आपणहून नव्या यंत्रावर न्यायचा नाही. काम मागेल तेव्हा एक घ्यायचा, तोही कागदावर छापून तपासल्यावरच. दीड वर्षाने मोजले तेव्हा नऊ टंक, म्हणजे फॉन्ट, होते. आज माझं जवळजवळ सगळं काम त्या नऊंवर चालतं.

असा कडक नियम करायला एका अहवालाने भाग पाडलं. एका संस्थेचा वार्षिक अहवाल होता, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इंग्रजी शीर्षकं हेल्वेटिका या फॉन्टमध्ये होती. फाइल छापखान्यात गेली तेव्हा सोबत फॉन्ट द्यायचा माझ्याकडून राहिला आणि तिथल्या संगणकाने हेल्वेटिकाच्या जागी एरियल बसवला. प्रूफ माझ्याकडे आलं, मी ओळी तपासल्या, पानं तपासली. एकही ओळ हललेली नव्हती, म्हणून मंजुरी दिली. छापील प्रत त्या संस्थेच्या लेटरहेडशेजारी ठेवली गेली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की अक्षरं वेगळी आहेत.

ओळी का हलल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. एरियल १९८२मध्ये मोनोटाइप या टंक बनवणाऱ्या कंपनीसाठी रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी केला, आणि त्यातल्या अक्षरांची रुंदी हेल्वेटिकाशी जुळवलेली आहे. म्हणजे एक काढून दुसरा बसवला तरी मजकूर जिथल्या तिथे राहतो. फरक आकारात आहे. हेल्वेटिकातल्या मोठ्या ‘आर’चा पाय खाली सरळ उतरतो, एरियलमध्ये तो तिरका पसरतो. छोट्या ‘टी’चा माथा हेल्वेटिकात आडवा कापलेला आहे, एरियलमध्ये तिरका. मोठ्या ‘जी’ला हेल्वेटिकात खाली टाच आहे, एरियलमध्ये नाही. मुखपृष्ठावर ही अक्षरं तीन-तीन इंच उंच होती. मी ती पाहिली होती आणि तरी मला दिसली नव्हती. चार हजार फॉन्ट असलेल्या माणसाची एकाही फॉन्टशी इतकी ओळख नव्हती की तो बदलला तर चुटपुट लागावी. मला वाईट वाटलं ते याचं.

मासिमो विन्येली या डिझायनरच्या प्रदर्शनाचं १९९१चं एक पोस्टर मला तेव्हा आठवलं. त्या प्रदर्शनात त्याने आपलं बरीच वर्षांचं काम मांडलं होतं, आणि ते फक्त चार टंकांत केलेलं होतं: गारामों, बोडोनी, सेंच्युरी एक्स्पांडेड आणि हेल्वेटिका. हा आकडा मी पूर्वी आग्रही माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिला होता. त्या अहवालानंतर तो वेगळा वाटायला लागला. चार टंक इतकी वर्षं वापरल्यावर त्यातल्या प्रत्येक अक्षराचा कोपरा माणसाला पाठ होत असणार.

माझ्यासाठी मात्र चार पुरणार नव्हते, कारण मला दोन लिप्या सांभाळायच्या होत्या. आणि इथे माझी वर्षानुवर्षांची पद्धत उलटी होती. मी आधी सुंदर रोमन टंक निवडायचे आणि मग त्याला जवळचा वाटेल असा देवनागरी शोधायचे. रोमनमध्ये हवे तेवढे चांगले टंक आहेत, देवनागरीत मोजके. मोजक्यातून आधी निवडावं आणि मुबलक आहे त्यातून जोडीदार शोधावा, हे एवढं साधं गणित मला उशिरा सुचलं. तेव्हापासून पहिला प्रश्न देवनागरीचा.

त्यासाठी मी एक चाचणीचं पान तयार केलं. ‘नमस्कार’ किंवा ‘मराठी’ असे शब्द त्यात नाहीत, कारण ते कुठल्याही फॉन्टमध्ये बरे दिसतात. माझ्या पानावर पहिली जोडी आहे ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. विद्वान गुरू आणि स्वयंपाकी यांच्यातला फरक एका रफाराचा. मराठीचा विचार न करता केलेल्या फॉन्टमध्ये दुसऱ्या शब्दातला ‘ऱ्य’ एक तर फुटतो, नाहीतर पुढच्या अक्षराला चिकटून काळा डाग होतो. दुसरा शब्द ‘मूर्तींची’. ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे एकाच जागेसाठी भांडतात. चांगल्या टंकात या तिघांची बसण्याची जागा आरेखकाने ठरवलेली असते. वाईट टंकात ते एकमेकांवर चढतात आणि दहा पॉइंटात वाचणाऱ्याला ‘मूर्तीची’ की ‘मूर्तींची’ हे कळत नाही. मग ‘उद्ध्वस्त’, ‘उच्छ्वास’, ‘वाङ्मय’, ‘हृद्य’. हे शब्द जोडाक्षरांसाठी. पाय मोडके, म्हणजे हलन्त दाखवून सुटे केलेले दिसले, की तो फॉन्ट पुस्तकासाठी बाद. ‘ट्रॅक्टर’ आणि ‘ॲप’ हेही आहेत, कारण ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८मध्ये आलं आणि त्याआधीच्या बऱ्याच फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन उमटतो.

शेवटच्या ओळीत फक्त अक्षरजोड्या: ध–घ, भ–म, ख–रव, रु–रू. ‘ध’ आणि ‘भ’ ओळखू येतात ते शिरोरेषेत सोडलेल्या फटीमुळे. पडद्यावर ती फट स्पष्ट दिसते. शोषक कागदावर नऊ पॉइंटात छापलं की शाई पसरते, फट बुजते आणि ‘भात’ वाचायचा तिथे ‘मात’ वाचला जातो. म्हणून पान पडद्यावर बघून मी कधीच निकाल देत नाही. तीन आकारांत छापते, एकदा गुळगुळीत कागदावर आणि एकदा खरबरीत कागदावर, आणि रात्री साध्या दिव्याखाली वाचते.

एक गोष्ट फॉन्टची नसून मांडणीच्या सॉफ्टवेअरची आहे, पण ती कळेपर्यंत मी दोन चांगले टंक उगाच बाद केले होते. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. तसंच पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये ही मराठी वळणं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. आपण हिंदी वळण बघून नाक मुरडतो आणि मराठी वळण तिथेच झाकलेलं असतं.

या पानातून पार होऊन पहिला आत आला तो मुक्ता, ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचा. सात जाड्या आहेत, आणि त्या खरोखर आरेखलेल्या आहेत. सॉफ्टवेअरने अक्षर फुगवून केलेला बोल्ड आणि आरेखकाने काढलेला बोल्ड यांतला फरक देवनागरीत फार बोचतो. फुगवलेल्या बोल्डमध्ये शिरोरेषा आणि उभा दंड दोन्ही सारखेच जाड होतात, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च्या आतली पांढरी जागा संपते. मुक्ताचे रोमन अक्षरही त्याच हाताचे वाटते, त्यामुळे मराठी वाक्यात आलेला इंग्रजी शब्द ओरडत नाही. फॉर्म, माहितीपत्रकं, फलक, सादरीकरणं या सगळ्याला मी डोळे झाकून मुक्ता घेते. त्याच्यात भारदस्तपणा कमी आहे हे मान्य. कवितासंग्रह मी त्यात लावणार नाही.

पुस्तकांसाठी शोध लांबला. मला जाड-बारीक रेषांचा, वळणदार, डोळ्याला न थकवणारा टंक हवा होता आणि तो मिळाला तिरो देवनागरी मराठीत. तिरोची देवनागरी मूळची मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथमालेसाठी केलेली, नंतर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगवेगळ्या रूपांत खुली झाली. माझ्या चाचणीच्या पानावर ‘उद्ध्वस्त’ हा शब्द तिथे पहिल्यांदा मला सुंदर दिसला. बारा पॉइंटात, साडेसतरा पॉइंटांच्या ओळींवर मी तो लावते. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्यांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते, त्यामुळे रोमनच्या सवयीने चौदावर बसवलं की ओळी एकमेकींना खेटतात. तिरोत उणीव एकच, पण मोठी: बोल्ड नाही. प्रकरणांची शीर्षकं नुसत्या आकाराने मोठी करून भागतं. कोशासारखं काम आलं, जिथे प्रत्येक नोंदीचा शब्द ठळक हवा, की अडतं.

तिसरा नोटो सेरिफ देवनागरी. त्याच्यावर माझा जीव नाही, भरवसा आहे. कोशाचं काम शेवटी त्यानेच निभावलं. एकाच पानावर मराठीसोबत तमिळ, बंगाली, उर्दू असं काही आलं तर नोटो कुटुंबात सगळ्यांना सारख्या तोलाचं अक्षर मिळतं. चौथा बलू, पुन्हा एक टाइपचा, मुलांच्या कामासाठी आणि मोठ्या, हसऱ्या शीर्षकांसाठी. पोस्टरवर तो आला की लांबूनच उजळतो. परिच्छेद त्यात लावू नये.

तिरक्या अक्षरांचा प्रश्न मी या टप्प्यावर कायमचा निकालात काढला. देवनागरीला रोमनसारखी इटॅलिकची परंपरा नाही. सॉफ्टवेअर अक्षर नुसतं कलतं करतं आणि शिरोरेषेवर उभे असलेले दंड पडायला आल्यासारखे दिसतात. पुस्तकाचं नाव असेल तर मी अवतरण घेते, जोर द्यायचा असेल तर जाडी बदलते.

रोमनची निवड त्यामानाने पटपट झाली, फक्त गारामोंपाशी मी महिनाभर थांबले. माझ्या जुन्या साठ्यात गारामों नावाचे अकरा फॉन्ट होते आणि त्यांची वळणं एकमेकांशी जुळत नव्हती. कारण शोधताना जे सापडलं ते मला अजूनही फार आवडतं. क्लोद गारामों सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये अक्षरं कोरायचा, १५६१मध्ये तो वारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या नावाने जे टंक पुन्हा आले, त्यातले कित्येक प्रत्यक्षात त्याच्या नंतर काही दशकांनी काम करणाऱ्या जाँ जानों याच्या अक्षरांवरून केलेले होते. मोनोटाइपचा १९२२चा गारामोंही त्यातलाच. ही अदलाबदल टंकांच्या अभ्यासक बिॲट्रिस वॉर्ड यांनी १९२६मध्ये पॉल बोजाँ या टोपणनावाने लेख लिहून उघड केली. म्हणजे मी ज्याला गारामों म्हणत वर्षानुवर्षं वापरत होते, तो जानों होता. दोघांची पानं शेजारी ठेवली तेव्हा फरक दिसला: जानोंची अक्षरं अधिक चंचल, त्यांचा कल एका अक्षरातून दुसऱ्यात बदलतो, गारामोंची शांत. मी ईबी गारामों घेतला. गेऑर्ग डुफनरने तो १५९२च्या एगेनोल्फ-बर्नर नमुनापत्रावरून केला आहे आणि खुला ठेवला आहे. तिरोशेजारी तो सव्वाअकरा पॉइंटांवर ठेवला की दोघांचा रंग जुळतो. रंग म्हणजे इथे शाईचा नव्हे. डोळे किलकिले करून पान बघितल्यावर दिसणारी करडी छटा. दोन लिप्यांची जोडी जमते की नाही, हे मी त्या छटेवरूनच ठरवते. आकारांच्या साम्यावरून ठरवत होते तोवर माझ्या जोड्या फसायच्या.

सहावा सोर्स सॅन्स, पॉल हंट यांनी अडोबीसाठी केलेला, २०१२चा. मोठा ‘आय’, छोटा ‘एल’ आणि एकचा आकडा शेजारी लिहून बघावेत, ही माझी बिनसेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा नसलेल्या, टंकांची पहिली परीक्षा. हेल्वेटिकात ‘आय’ आणि ‘एल’ दोन सरळ काठ्या आहेत, सांकेतिक क्रमांक छापायचा असेल तर ते धोक्याचं. सोर्स सॅन्समध्ये छोट्या ‘एल’ला खाली शेपटी आहे. दुसरी परीक्षा ‘आर’ आणि ‘एन’ची: जवळ आले की ‘एम’ वाचला जातो का? सोर्स सॅन्स इथेही सावध आहे.

सातवा युनिव्हर्स, आणि यासाठी मी हेल्वेटिका सोडला. दोन्ही १९५७चे. हेल्वेटिकाचं तेव्हाचं नाव नोये हास ग्रोटेस्क, १९६०मध्ये ते बदललं. आरेखक आद्रियान फ्रुटिगरने युनिव्हर्सची एकवीस रूपं एकदम आखली आणि त्यांना नावांऐवजी दोन आकडे दिले. पहिला जाडीचा, दुसरा रुंदी आणि कलाचा. ५५ म्हणजे साधा, ६५ त्याहून जाड, ५७ साध्या जाडीचा पण अरुंद. तक्ते आणि आकृत्या करताना ही व्यवस्था हाताला इतकी सोयीची पडते की आता वहीत मांडणीचा कच्चा आराखडा काढतानाही मी नुसते आकडे लिहिते. हेल्वेटिका सोडताना वाईट वाटलं का? वाटलं. पण मुखपृष्ठावरचा तो ‘आर’ मी विसरू शकले नाही. ज्याच्या जागी दुसरा येऊन गुपचूप बसू शकतो, तो टंक माझ्या छोट्या यादीत मला नको होता.

बोडोनी आठवा, फक्त मोठ्या शीर्षकांपुरता. त्याच्या केसासारख्या बारीक रेषा साठ पॉइंटात दिमाखदार दिसतात आणि नऊ पॉइंटात गायब होतात. छोट्या आकारासाठी मुद्दाम वेगळा आरेखलेला बोडोनी हाताशी नसेल तर मजकुरात तो लावूच नये. नववा प्लेक्स मोनो, प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी असलेला, संगणकाच्या आज्ञा, क्रमांक, पावत्यांचे नमुने यांच्यासाठी. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, तो त्याचं काम चोख करतो.

मधल्या काळात आकड्यांनी मला चांगलंच शिकवलं. एका ताळेबंदात उजवीकडून जुळवलेले रकाने तरी वेडेवाकडे दिसत होते. एकं एकंखाली, दहं दहंखाली येत नव्हतं. त्या फॉन्टमध्ये १ अरुंद होता आणि ८ रुंद. वाक्यात ते छान दिसतं, तक्त्यात बेरीज वाचणाऱ्याची नजर घसरते. चांगल्या टंकात आकड्यांचे दोन संच असतात, मजकुरासाठी आणि तक्त्यासाठी सारख्या रुंदीचे, आणि तो पर्याय फॉन्टच्या ‘ओपनटाइप’ नावाच्या सोयींमध्ये दडलेला असतो. देवनागरी आकड्यांसाठी असा दुसरा संच असतोच असं नाही. तेव्हापासून चाचणीच्या पानावर मी १११११ आणि ८८८८८ असे दोन आकडे एकाखाली एक छापते. दोन्ही ओळी एकाच जागी संपल्या पाहिजेत. माझ्या मते टंक विकत घेण्याआधी करायची ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, आणि ती सगळ्यात कमी लोक करतात.

परवान्याचं मी मुद्दाम सांगते, कारण तिथे नुकसान दुसऱ्याचं होतं. एका बोधचिन्हासाठी मी ‘मोफत’ म्हणून उतरवलेला फॉन्ट वापरला होता. त्याच्यासोबतच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं की वैयक्तिक वापरासाठीच मोफत. ते मी चिन्ह मंजूर झाल्यावर वाचलं. क्लायंटला फोन करून खरं सांगितलं आणि दोन रात्री बसून अक्षरं पहिल्यापासून हाताने काढली. आता फॉन्ट उघडण्याआधी परवाना उघडते. सिल ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर मन निश्चिंत: व्यावसायिक वापर चालतो, फाइलमध्ये अंतर्भूत करता येतो, बदलताही येतो. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, ही एक मुख्य अट. माझ्या नवांपैकी मुक्ता, तिरो, नोटो, बलू, ईबी गारामों, सोर्स सॅन्स आणि प्लेक्स हे या परवान्याखाली आहेत. युनिव्हर्स आणि बोडोनी मी विकत घेतले, आणि त्यांची पावती कामाच्या कागदपत्रांत ठेवली आहे.

जुन्या कामांचा एक गठ्ठा मात्र अजून सुटलेला नाही. युनिकोडआधीच्या फॉन्टमधली मराठी पुस्तकं. त्या प्रत्येक फॉन्टने रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. फॉन्ट बदलला की पानभर निरर्थक चिन्हं उरतात. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रफार आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडावं लागतं. चार पुस्तकं केली, सात बाकी आहेत. त्यांच्यासाठी तेवढे तीन जुने फॉन्ट वेगळ्या ड्राइव्हवर ठेवलेत, कामाच्या यंत्रावर नाहीत.

आणि दहाव्या जागेचं काय, तर ती मी अजून भरलेली नाही. तिरोच्या तोडीचा, लांब वाचनाचा, पण चार खऱ्या जाड्या असलेला देवनागरी टंक तिथे हवा आहे. दर दोन-तीन महिन्यांनी नवा कुठला दिसला की तेच पान छापते. ‘आचार्यांना’, ‘आचाऱ्यांना’, ‘मूर्तींची’, ‘उद्ध्वस्त’. गेल्या आठवड्यात एक जवळ येऊन गेला: बोल्ड सुरेख, जोडाक्षरं घट्ट, रफार जागच्या जागी. खरबरीत कागदावर नऊ पॉइंटात ‘भ’ची फट बुजली. तो छापा टेबलासमोर लावून ठेवलाय, आरेखकाला त्या फटीबद्दल पत्र लिहायचं आहे.